धाकटीचं तिकीट

त्या वर्षी उन्हाळा लवकर आला आणि जायचं नाव घेईना. एकेकाच्या विहिरी तळाला गेल्या, आणि म्हणूनच या घरात कामाला तोटा नव्हता. घर विहीर खोदणाऱ्यांचं. दोन भाऊ, दोन जावा, अशी चौघांची टोळी. दुसऱ्याचं पाणी आटलं की यांची चूल पेटायची. थोरलीला याची मनातून लाज वाटायची. डोक्यावर भांडं घेऊन लांबून येणारी एखादी बाई दिसली, की ती उगाच पदर सारखा करत मान वळवायची.

विहिरीत खाली थोरला भाऊ आणि धाकटा भाऊ. थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणत. तो दिवसातून वीस शब्द बोलला तर पुष्कळ. पहार, छिन्नी आणि घण घेऊन दोघं उजाडताना खाली उतरत, ते दुपारच्या जेवणालाच वर येत. वर दोघी जावा. क्रेनची लोखंडी बादली दगडांनी भरून वर आली, की दोघींनी ती काठावर ओढून घ्यायची, उलटी करायची आणि घमेल्यांनी दगड लांब नेऊन टाकायचे. थोरलीचे तळहात सालीसारखे झाले होते. धाकटीचे सहा वर्षांत त्याच वाटेला लागले होते.

क्रेन मात्र शेठची. शेठच्या अशा चार क्रेन भाड्यानं फिरत. क्रेनबरोबर त्याचा इंजिनवाला येई, तो दांड्याजवळ बसून विड्या ओढी, आणि फुटामागे जे मिळे त्यातलं अर्धं शेठच्या खिशात जाई. त्यातच क्रेनच्या तारेचे पीळ सुटले होते. एके दिवशी सुटलेलं एक टोक थोरलीच्या हातात असं शिरलं, की तळवा करंगळीपासून मनगटापर्यंत फाटला.

संध्याकाळी शेठ हिशेबाला आला तेव्हा तिनं चिंधी बांधलेला हात पुढे केला. "शेठ, तार बदला. माझा हात गेला तर गेला. याच तारेवर दोन माणसं खाली उतरतात."

शेठनं तारेकडे पाहिलंसुद्धा नाही. "अजून दोन वर्षं जाते ती. नवीनच हवी असेल तर स्वतःची क्रेन घ्या की!" आणि तो इंजिनवाल्याकडे बघून हसला. इंजिनवालाही हसला. हसावं लागतंच.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. थोरलीचा हात सुजलेला, म्हणून धाकटी एकटी गेली. साबण, रॉकेल आणि जखमेचं मलम आणायचं होतं. ती आली ती मलम आणि रॉकेल घेऊन. साबणाच्या जागी एक रंगीत कागद.

"हे काय?"

"लॉटरीचं तिकीट, ताई. तो तिकीटवाला म्हणाला, शेवटचं राहिलंय..."

"शेवटचं नेहमी तुझ्यासारखीसाठीच राखून ठेवतात! आता आठवडाभर अंगाला काय लावायचं, तिकीट? वेंधळी ती वेंधळीच!"

वेंधळी हे नाव थोरलीनंच पाडलेलं. लग्नानंतर आठव्या दिवशी धाकटी सासूला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावून कामावर आली होती. सासू आता नव्हती, पण नाव राहिलं होतं. घरातून ते गल्लीत गेलं, गल्लीतून विहिरीवर आलं. इंजिनवालासुद्धा तिला तसंच म्हणे. धाकटी हसून घेई. सातवी शिकलेली पोर, घरात तिच्याइतकं वाचता कुणालाच येत नव्हतं. पण ते कुणाच्या लक्षात राहत नव्हतं.

पुढच्या बाजाराला ती साबण आणायला गेली ती धावतच परत आली. पायात एकच चप्पल. भर गल्लीत ओरडत आली, "ताई, लागलं! दहा लाख! ताई, लागलं!"

कुणाचा विश्वास बसेना. धाकटा स्वतः जाऊन निकालाच्या कागदाशी एकेक आकडा बोटानं जुळवून आला, तेव्हा कुठे घरात हसू फुटलं. दिवसभर माणसांची रीघ. थोरलीनं तीनदा चहा टाकला. धाकट्याच्या तोंडी एकच विषय होता. नवी क्रेन आठ लाखांना पडते हे त्याला दोन वर्षांपासून पाठ होतं. उरलेल्या दोन लाखांत त्यानं बोलता बोलताच मागच्या बाजूला एक खोली काढली, तिला खिडकी काढली आणि खिडकीला जाळीसुद्धा बसवली.

चौथ्या दिवशी चौघं शहरात गेली. लॉटरीचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. चष्मा लावलेल्या कारकूनबाईंनी तिकीट उजेडाकडे धरून पाहिलं, वहीत आकडा ताडला आणि एका कागदावर तीन ओळी लिहून कागद त्यांच्याकडे फिरवला. धाकटीनं मोठ्यानं वाचलं. "बक्षीस दहा लाख. कर तीन लाख बारा हजार. हातात सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार."

"कुणाच्या हातात?" धाकट्यानं विचारलं.

"तुमच्याच."

"मग तीन लाख बारा हजार?"

"ते आधीच कापले जातात. तुमच्याकडे येतच नाहीत. शंभरातले तीस."

"शंभरातले तीस म्हणजे तीन लाख झाले. वरचे बारा हजार?"

"करावर थोडा कर असतो."

"करावर कर?" मिस्त्री इतका वेळ गप्प होता. "व्याजावर व्याज ऐकलं होतं."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "माझ्या हातात असतं तर पूर्ण दिले असते हो. पण सगळ्यांना हेच. पगाराला काही रकमेपर्यंत माफी असते, लॉटरीला नाही. पहिल्या पैशापासून कर."

"तिकिटावर तर दहा लाख लिहिलेत."

"मागे बघा."

धाकटीनं तिकीट उलटं केलं. मुंग्यांची रांग जावी इतकी बारीक अक्षरं. तिनं ती वाचली आणि तिचे डोळे भरून आले. "लिहिलंय, ताई. मी मागचं वाचलंच नाही."

खुर्चीत बसून ती रडायला लागली. बाकावरची माणसं बघू लागली. ही बाई बक्षीस लागलं म्हणून रडते की हरली म्हणून, तेच त्यांना कळेना. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बस म्हणावं असं तोंडाशी आलं होतं, पण का कोण जाणे, तिनं ते गिळलं.

कारकूनबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि काय काय लागेल ते सांगितलं. बँकेचं खातं, करखात्याचं कार्ड, फोटो. "महिन्याच्या आत आणा. आणि आधी तिकिटाच्या मागे नाव लिहून सही करा. सही नाही तोवर तिकीट ज्याच्या हातात, त्याचं."

"घरी जाऊन करतो," धाकटा म्हणाला आणि त्यानं तिकीट खिशात घातलं.

सहा लाख अठ्ठ्याऐंशी. आठ दिवसांपूर्वी हाच आकडा कुणी सांगितला असता तर घराला आनंदानं वेड लागलं असतं. आता येताना बसमध्ये चौघं अशी बसली होती, की शेजारच्यानं विचारलं, "कुणाचं काही बरंवाईट झालं का?"

दोन दिवसांनी भर दुपारी, विहिरीशेजारच्या झाडाखाली जेवणं चालली असताना शेठ आला. आज स्वतः मोटारसायकलवरून, आणि बसायलाही तयार. दगडावर रुमाल टाकून बसला.

"मिस्त्री, तुमच्या भल्याचं सांगतो. त्या तिकिटाचे तुम्हाला सातसुद्धा मिळत नाहीत. मी नऊ देतो. रोख. आजच."

धाकट्याच्या हातातला घास हातातच राहिला. "तुम्हाला काय परवडतं यात?"

"ते माझ्यावर सोडा. माझ्याकडे पैसा आहे, पण तो कुठून आला ते सांगायची सोय नाही. कर कापून का होईना, लॉटरीत लागलेला पैसा उजळ माथ्यानं बँकेत जातो. माझं काम होतं, तुमचे दोन लाख वाचतात. दोघांचंही भलं."

नऊ लाख. आठची क्रेन, वर एक लाख. भावाभावांची नजरानजर झाली. मिस्त्रीनंही मान किंचित हलवली असावी, असं थोरलीला वाटलं.

"फक्त एक," शेठ म्हणाला आणि धाकटीकडे वळला. "हिनं गावभर ओरडून ठेवलंय. आता कुणी विचारलं तर सांगायचं, एक आकडा चुकला होता, नंबर आपला नव्हताच. खरं तिकीट शेठचं. तसंही तुला सगळे वेंधळीच म्हणतात. लगेच खरं वाटेल."

आणि तो हसला.

धाकटीही हसली. नेहमीसारखीच. "बरं," ती म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

थोरलीनं हातातली भाकरी खाली ठेवली. वेंधळी हा शब्द तिच्याच चुलीपाशी जन्मलेला. तो शेठच्या तोंडून ऐकताना तिला वाटलं, आपण घरात वापरायला ठेवलेली सुरी कुणी बाहेर नेऊन माणसावर चालवतंय.

"संध्याकाळपर्यंत कळवा," म्हणून शेठ गेला.

दुपारभर बादल्या वर येत राहिल्या. ऊन असं होतं की लोखंडाला हात लावताना पदर गुंडाळावा लागे. शेवटी दगड टाकून परतताना थोरलीनं विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

"माझ्या मनाला कोण विचारतंय, ताई?"

"मी विचारतेय."

धाकटीनं घमेलं खाली ठेवलं. घामानं कपाळावर चिकटलेले केस मनगटानं मागे सारले. "जन्मात एक गोष्ट बरोबर केली होती. तीसुद्धा चुकली म्हणून सांगत फिरायचं. सांगेन. क्रेन येईल ना घरात." आणि ती पुन्हा बादलीकडे गेली.

संध्याकाळी घरी हातपाय धुऊन होतात न होतात, तोच धाकट्यानं तिकीट काढून मधोमध ठेवलं. "मी जाऊन सांगून येतो शेठला. पैसे मोजून घ्यायला दादा, तूही चल."

"थांबा, भावजी," थोरली म्हणाली.

"आता काय, वहिनी?"

"ते पिशवीतले नऊ लाख घेऊन क्रेन आणायला जाल. दुकानदार विचारेल, एवढी रोकड कुठली? काय सांगाल?"

"काहीतरी सांगू."

"ते काहीतरी शेठला माहीत असणार. आज तो अर्धी कमाई नेतो क्रेनची. उद्या गप्प राहायची किंमत म्हणून उरलेलीही नेईल."

"म्हणून तीन लाख सरकारच्या घशात घालायचे? वहिनी, तीन लाख! तुमच्या हाताची कातडी किती वेळा सोलून निघेल तेवढ्यासाठी, माहीत आहे?"

"माझी कातडी आहे. मला माहीत नसणार तर कुणाला?"

धाकटा उसळला. "मग सातात क्रेन कशी येणार ते तरी सांगा! बाजारात तुरी होत्या, त्या तरी चांगल्या दहा लाखांच्या होत्या! आता हातचे नऊ सोडून..."

"तिकीट कुणी घेतलं?" मिस्त्रीनं मध्येच विचारलं.

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"कुणी काय? हिनं."

"मग हिला विचारलंत का कुणी?"

नव्हतं विचारलं. धाकटी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या बोटांना पदराचा पीळ.

थोरली उठली. फळीवर हिशेबाच्या वहीबरोबर पेन असे, ते तिनं काढलं आणि धाकटीपुढे धरलं. "सही नाही तोवर तिकीट ज्याच्या हातात त्याचं, असं त्या बाई म्हणाल्या. मला लिहिता येत नाही. तुला येतं. तुला वाटलं तर लिही. नाही वाटलं तर भावजी जातील शेठकडे, मी एक शब्द बोलणार नाही."

धाकटीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं तोंड फिरवलं. मग तिनं डब्याचं सपाट झाकण मांडीवर घेतलं, त्यावर तिकीट उलटं ठेवलं. पेन आधी चालेना. तिनं ते अंगठ्याच्या नखावर घासलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं. खाली सही केली.

"झालं," ती म्हणाली.

"दोन लाखांची सही," धाकटा म्हणाला आणि बाहेर जाऊन पायरीवर पाठ फिरवून बसला.

"भावजी, आत या, जेवण निवतंय," थोरलीनं हाक मारली. तो आला नाही. भूक लागल्यावर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पोचतात तर क्रेन ट्रॅक्टरला जोडलेली. इंजिनवाला खालमानेनं म्हणाला, "शेठनं दुसरीकडे बोलावलीय." अठ्ठावन्न फूट झालेली विहीर तशीच उघडी. विहिरीचा मालक बागवाला, त्याची लिंबाची तीनशे झाडं पानं टाकायला लागलेली. त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी काय विहिरीकडे बघत बसू? दुसरी टोळी आणतो."

"पैसे यायला तीन आठवडे लागतील," मिस्त्री म्हणाला. "तोवर हातानं काढतो. काम थांबलं तर दुसरी टोळी आणा."

त्यांनी तीन वाशांची जुनी लाकडी तिकाटी उभी केली, कप्पी टांगली, जाड दोर घातला. क्रेनच्या बादलीत जेवढं मावे त्याची चौथाईसुद्धा दोराला बांधलेल्या टोपलीत मावेना. आता मिस्त्री एकटा खाली, आणि वर दोराला तिघं. पुढे धाकटा, मध्ये धाकटी, मागे थोरली. वाकून, टाचा रोवून, मागे मागे चालत ओढायचं. दिवसात शंभर वेळा, दीडशे वेळा. पहिल्या आठवड्यात तिघांचे खांदे असे भरून आले, की वेणी घालायला हात मागे जाईना. दोघी जावा एकमेकींची वेणी घालू लागल्या.

धाकटा बायकोशी बोलत नव्हता. दोर ओढताना तिच्या पुढे असल्यामुळे त्याला तिचं तोंड दिसत नसे, तेवढीच त्याची सोय. अधूनमधून कागदांसाठी शहरात जावं लागे. खातं उघडायला एक दिवस, कार्डाला एक दिवस, फोटोत डोळे मिटले म्हणून पुन्हा एक दिवस. धाकटी एकटी जाऊन यायची. जाताना घाबरायची, येताना नवं काहीतरी शिकून यायची. कोणत्या खिडकीवर काय मिळतं ते तिला आता तोंडपाठ झालं होतं.

बाविसाव्या दिवशी ती शहरातून आली ती सरळ विहिरीवर. हातात कागद. पैसे खात्यात पडले होते, सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार, एक पैसा कमी नाही. आणि कार्यालयानं एक शिक्क्याचा कागद दिला होता, कर भरल्याचा. धाकट्यानं दोर बांधून ठेवला आणि तो कागद ओढून घेतला. अक्षर अक्षर लावत त्यानं वाचलं. वर बायकोचं पूर्ण नाव. खाली, कर भरला तीन लाख बारा हजार.

त्यानं तो दोनदा वाचला. मग एकदम खदखदून हसला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच. "दादा!" त्यानं विहिरीत ओरडून सांगितलं. "हिनं तीन लाख बारा हजार कर भरलाय! शेठनं उभ्या जन्मात एवढा भरला नसेल!"

खालून मिस्त्रीचं हसू घुमत वर आलं. बागवाला झाडांना आळी करत होता, तोही आला, त्यानं कागद पाहिला आणि धाकटीला म्हणाला, "बाई, मग आमच्या समोरच्या रस्त्यातले दोन-चार खड्डे तुमच्याच पैशानं बुजलेले असतील." धाकटीला इतकं हसू आलं की ती खालीच बसली.

"हा फ्रेममध्ये लावायचा," धाकटा म्हणाला. मग कागद बायकोला परत देताना त्यानं हळूच विचारलं, "जेवलीस का शहरात?" एवढंच. पण थोरलीनं ऐकलं आणि ती मुद्दाम लांब गेली.

नवी क्रेन आवाक्याबाहेरच राहिली. पण धाकट्यानं आठ दिवस फिरून शोध लावला. तीन गावं पलीकडे एक म्हातारा विहीरवाला होता. त्याचे गुडघे गेले होते आणि क्रेन गोठ्यात गंजत पडली होती. मिस्त्रीनं जाऊन दातेरी चक्राच्या प्रत्येक दातावरून बोट फिरवलं, इंजिनाला कान लावला आणि मान हलवली. सव्वापाच लाखांना सौदा झाला. म्हाताऱ्यानं क्रेनचा दांडा धरून ठेवला होता, तो लवकर सोडेना. "चांगल्या हातात जातेय," म्हणाला आणि पैशांच्या पावतीवर अंगठा उठवताना पुन्हा म्हणाला, "तार मात्र नवी घाला."

"तीच आधी घालणार आहे, बाबा," थोरली म्हणाली. नवी तार तिनं स्वतः निवडली. दुकानात सगळी वेटोळी उलगडायला लावून हात फिरवून पाहिली, दुकानदार वैतागला तरी. इंजिनाची दुरुस्ती, रंग, चाकं, सगळं धरून वर लाख सव्वा लाख उरले. त्यांचं काय करायचं ते धाकटीनं ठरवायचं, असं थोरलीनं सांगून टाकलं. धाकटीनं ते बँकेतच ठेवले आणि नवऱ्यानं खिडकीच्या जाळीचं नाव काढलं की त्याला म्हणायची, "आधी भिंत तर येऊ दे."

आता इंजिनवाला कुठून आणायचा? "माणूस ठेवला तर त्याची मजुरी," मिस्त्री म्हणाला. धाकटी म्हणाली, "मी शिकते." म्हाताऱ्याच्या गोठ्यासमोर ती तीन दिवस शिकली. पहिल्या दिवशी इंजिन सतरा वेळा बंद पाडलं. म्हातारा मोजत होता. तिसऱ्या दिवशी तिनं पाण्यानं काठोकाठ भरलेली बादली दहा फूट खाली सोडून थेंब न सांडता वर आणली, तेव्हा म्हातारा काही न बोलता आत गेला आणि आपले चामडी हातमोजे आणून तिच्या मांडीवर टाकले.

क्रेन लिंबाच्या बागेत उभी राहिली. काम पुन्हा वेगानं सुरू झालं. पाचव्या दिवशी, अडुसष्ट फुटांवर, घणाचा आवाज बदलला. खणखणीत होता तो एकदम बोदा झाला. खालून मिस्त्रीची हाक आली, "ओल लागलीय!"

थोरलीनं डोक्यावरचं घमेलं उतरवलं. बावीस वर्षं ती विहिरीच्या काठावर उभी होती. किती विहिरी झाल्या असतील, तिनं मोजल्या नव्हत्या. पण खाली ती कधीच गेली नव्हती. बायका वर, माणसं खाली, हे इतकं ठरलेलं होतं की विचारायचंही सुचलं नव्हतं.

"मला बघायचंय," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी. मला खाली सोड."

धाकटीनं इंजिनाचा आवाज कमी केला. "ताई, खरंच?" थोरली पदर खोचून बादलीत चढलीसुद्धा. "घट्ट धरा हं. खाली बघू नका," धाकटी म्हणाली.

"बघायलाच तर चाललेय!"

बादली अलगद सुटली. उन्हाचा चटका खांद्यावरून वर सरकला आणि गार हवा पायांपासून चढत आली. थोरलीनं या दगडांना हजार वेळा हात लावला होता, पण ते जिथून निघत तिथे ते असे दिसत असतील, हे तिला माहीत नव्हतं. काळे, निळसर, मधूनच पांढरी रेघ. एकही धक्का बसला नाही. खाली मिस्त्रीनं हात दिला, तो चिखलानं माखलेला. धाकटा बाजूला सरकला. "वहिनी, इथे."

खडकाच्या फटीतून करंगळीएवढी धार येत होती. गढूळ, थोडी थोडी, पण थांबत नव्हती. थोरलीनं तळहात खाली धरला. जखमेच्या वणावरून गार पाणी ओघळलं. ओंजळ भरायला वेळ लागला. ती भरली तेव्हा तिनं तोंडाला लावली. मातीची चव होती.

वरून धाकटीची हाक आली, लांबून, गोल उजेडातून. "ताई! आहे का?"

"आहे!" थोरली ओरडली. "ये, तूही बघ येऊन!"

"मी आले तर इंजिन कोण धरणार?"

थोरलीनं ओले हात पदराला पुसले, बादलीत चढली आणि मान वर केली. "घे मला वर," तिनं हाक दिली. "आणि शिकव मला!"